पाणी 39 फुटांवर आलंय, हे सांगणाऱ्याला मेमो देऊ नका

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षणसंस्थांचे सर्व पदाधिकारी आणि मुख्याध्यापक यांस

सप्रेम नमस्कार,

मी कोल्हापुरातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. 1999 साली रुजू झाले, आता निवृत्ती फार लांब नाही. शाळेचं नाव लिहीत नाही, ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांचंही नाही. जुना हिशेब चुकता करायला हे पत्र लिहायला बसलेले नाही. शाळेत शिक्षक तोंड उघडायला का घाबरतात आणि त्याची किंमत शेवटी कोण मोजतं, एवढंच तुमच्यापुढे मांडायचं आहे. ते मांडताना माझीच एक चूक सांगावी लागणार आहे. शाळेच्या भिंतीबाहेर ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

आधी मेमोची गोष्ट सांगते.

2011 ची दिवाळीची सुट्टी संपली होती. दहावीचा निकाल वाढवायचा म्हणून रविवारी जादा तास घ्यायचे ठरत होते. सभा केबिनमध्येच भरली होती, आम्ही काहीजण बसलेलो, काही भिंतीला टेकून उभे. हेडसरांनी सांगितलं, सकाळी सात ते दहा. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मी म्हणाले, "सर, कळे-साळवणकडून येणाऱ्या आपल्या पाच-सहा मुली आहेत. रविवारी त्यांची पहिली एसटी रंकाळा स्टँडवर 7.20 ला लागते. पावणेआठला सुरू केलं तर त्यांना सापडेल." आवाज चढवला नव्हता. 'माझं मत' असंही ते नव्हतं, एसटीचं वेळापत्रक होतं. सर काही बोलले नाहीत. पुढचा विषय निघाला.

दुसऱ्या दिवशी चौथ्या तासाला मी नववी ब मध्ये फळ्यावर आरशाची आकृती काढत होते. दारात शिपाई मामा आले. हातात पाकीट आणि पोच घ्यायची वही. "मॅडम, सही करा. वर्गातच द्या म्हणून सांगितलंय," असं ते खाली बघत म्हणाले. पाकीट उघडलं. जावक क्रमांक, दिनांक, आणि खाली टाईप केलेलं: सभेत आपण मुख्याध्यापकांच्या निर्णयास जाहीर विरोध करून शिस्तीचा भंग केला आहे, 24 तासांच्या आत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल. माझ्या बोटांचा खडू त्या कागदाला लागला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हळूच विचारलं, "मॅडम, घरी काही झालं का?" मी "काही नाही गं" म्हटलं, फळ्याकडं वळले आणि परावर्तित किरण चुकीच्या बाजूला काढला. मुलांनीही तो तसाच वहीत उतरवला.

सुट्टीत स्टाफरूममध्ये माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही. उलट एका ज्येष्ठ सरांनी मायेनंच सांगितलं, "दिलगिरी लिहून टाका की मॅडम, विषय मिटतोय." सभेच्या आदल्या दिवशी याच खोलीत चौघांनी मला म्हटलं होतं, "एसटीचं तुम्ही बोला, आम्ही आहे." ते चौघं वह्या तपासत होते. त्यांचा राग मला तेव्हाही आला नाही. एकाच्या मुलीचं लग्न ठरत होतं, एकाची वरिष्ठ वेतनश्रेणी अडकली होती. मी दिलगिरी लिहून दिली. त्या रविवारी सातला तास सुरू झाला. दोन मुली धापा टाकत आल्या आणि उशीर झाला म्हणून बाहेर उभ्या राहिल्या.

एका मेमोनं असं काय होतं, असं तुम्ही म्हणाल. तो मेमो माझ्या नावानं निघाला असला तरी उरलेल्या बावीसजणांसाठी होता, आणि त्या बावीसजणांनी तो बरोबर वाचला. त्यानंतर आठ वर्षं आमच्या सभांत "कुणाला काही बोलायचंय?" असं विचारलं गेलं की सगळे खाली बघत. इतिवृत्ताचं रजिस्टर फिरायचं. त्यात 'सर्वानुमते' हा शब्द सभेच्या आधीच लिहिलेला असायचा. आम्ही सह्या करायचो.

आता माझी चूक.

2014 च्या दहावीच्या परीक्षेचं वर्ष. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचे 20 गुण शाळेनं द्यायचे असतात. याद्या मीच भरल्या. पाकीट सीलबंद होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी कच्ची यादी आवरताना लक्षात आलं की लागोपाठच्या बैठक क्रमांकांच्या दोन मुलींचे गुण मी उलटे चढवले आहेत. एकीला 18 हवे होते, तिला 12 गेले. दुसरीला तिचे 18. चूक दुरुस्त होण्यासारखी होती. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र वेळेत गेलं असतं तर बोर्डानं ते बघितलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी केबिनच्या दारापर्यंत तीनदा गेले. पहिल्यांदा आत पाहुणे होते. दुसऱ्यांदा आत एका सहकाऱ्याला हजेरीपटात खाडाखोड केल्याबद्दल बोलणं चाललं होतं, दार उघडं होतं आणि बाहेर दाखला न्यायला आलेले पालक उभे होते. "डोळे फुटले होते काय तुमचे?" हे वाक्य मला अजून ऐकू येतं. तिसऱ्यांदा केबिन रिकामी होती. सर एकटेच बसले होते. मी दारातून परत फिरले.

त्या मुलीनं निकाल बघून माझ्याकडंच येऊन विचारलं होतं, "मॅडम, माझं प्रॅक्टिकल चुकलं होतं का?" मी म्हटलं, बाहेरून परीक्षक येतात, कधी कधी होतं असं. खोटं बोलले. अकरावीला तिला हवं ते कॉलेज मिळालं नाही. ते त्या सहा गुणांमुळेच, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्यामुळे नव्हतंच, असंही सांगू शकत नाही.

चूक माझी, लपवली मी. ती कुणाच्या गळ्यात बांधायची नाही. पण त्या तिसऱ्या वेळी मी का परतले, याचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते तुमच्यापैकी प्रत्येकानं ऐकावं असं मला वाटतं. 2011 चा तो कागद माझ्या डोळ्यापुढं आला. एसटीचं वेळापत्रक सांगितलं तर मेमो मिळतो, मग स्वतःची चूक सांगितल्यावर काय मिळेल?

याला आता 'मानसिक सुरक्षितता' असं नाव आहे. नाव भारदस्त आहे, गोष्ट साधी. "मला हे येत नाही", "माझं चुकलं", "सर, हे असं नको" ही तीन वाक्यं बोलल्यावर आपला अपमान होणार नाही, कुणी डूख धरणार नाही, याची माणसाला खात्री असणं. हार्वर्डच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. औषध देण्यातल्या चुका कुठल्या वॉर्डात जास्त होतात, हे त्या बघत होत्या. जिथलं नेतृत्व चांगलं, माणसांचं एकमेकांशी चांगलं, तिथं चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त! खोलात गेल्यावर कारण सापडलं. तिथली माणसं चुका सांगत होती, म्हणून त्या कागदावर येत होत्या. दुसरीकडं त्या दडपल्या जात होत्या. हे वाचलं तेव्हा मला आमचं 'सर्वानुमते'चं रजिस्टर आठवलं. आमच्या शाळेत त्या आठ वर्षांत कागदावर एकही चूक नव्हती.

शाळांबद्दलही असंच काम झालेलं आहे. शिकागो शहरातल्या प्राथमिक शाळांचा अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी 1990 च्या दशकात वर्षानुवर्षं मागोवा घेतला. शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांचा एकमेकांवर भक्कम विश्वास होता तिथं दोनातली एक शाळा मुलांच्या अभ्यासात सुधारली. विश्वास तुटलेला होता तिथं सातातली एक. शिकागो लांब आहे आणि तिथल्या शाळा वेगळ्या, हे मान्य. पण माणूस घाबरला की गप्प बसतो, याला गाव लागत नाही.

आता तुमच्या बाजूनंही बोलायला हवं, कारण मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलेला माणूसही मोकळा नसतो, हे मी जवळून बघितलं आहे. व्हिडिओ कॉन्फरन्सवर सगळ्या तालुक्यासमोर नाव घेऊन विचारलं जातं, "तुमच्या शाळेची माहिती का भरलेली नाही?" माहिती त्याच दिवशी सकाळी मागितलेली असते. संस्थेचे पदाधिकारी विचारतात, पट का घटला? पट घटला की संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, पद जातं, पद गेलं की कुणीतरी अतिरिक्त ठरतं, आणि अतिरिक्त कोण हे सांगायची वेळ हेडसरांवर येते. मग मे महिन्याच्या उन्हात आम्ही पाचवीच्या आणि आठवीच्या प्रवेशासाठी गावोगाव फिरतो. पालक इंग्रजी माध्यमाच्या बसकडं बोट दाखवतात. जूनच्या पहिल्या सभेत प्रत्येकानं किती मुलं आणली याची यादी वाचली जाते, आणि शून्यवाल्याला उभं राहायला लागतं. वरून आलेला दम असा पायरी पायरीनं खाली येतो. शेवटची पायरी वर्गात आहे. तिथं बाकावर मूल बसलेलं असतं.

यात सगळ्यात जास्त कुणाचं तोंड बंद होतं, तर नव्या पोरांचं. शिक्षणसेवकाला, म्हणजे मानधनावर लागलेल्या नव्या शिक्षकाला, तीन वर्षं काढायची असतात. 2023 पासून माध्यमिकला महिना 18,000 रुपये मानधन झालं, त्याआधी तर 8,000 होतं. नियमित वेतनश्रेणीचा प्रस्ताव जाणार हेडसरांच्या शेऱ्यानं आणि संस्थेच्या सहीनं. तो पोरगा सभेत काय बोलेल? अंशतः अनुदानावरच्यांचं आणि विनाअनुदानितवाल्यांचं तर विचारूच नका. आणि आता पहिली ते आठवीच्या शिक्षकांपुढं टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानं, ज्यांची पाच वर्षांहून जास्त सेवा उरली आहे त्यांना दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायची आहे. पंचेचाळिशीतली माझी एक मैत्रीण रात्री घरी सगळं आवरल्यावर अभ्यासाला बसते. स्टाफरूममध्ये तिनं हे कुणाला सांगितलेलं नाही. नापास झाले तर हसतील, म्हणते. जी बाई रोज शेकडो मुलांना "नापास झालास म्हणून काय झालं" असं सांगते, तिला स्वतःच्या शाळेत हे वाक्य मिळेल याची खात्री नाही.

कायदा आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा सेवाशर्ती अधिनियम आहे, 1981 ची नियमावली आहे. बडतर्फ केलं, पदावनत केलं, पदोन्नतीत डावललं तर शाळा न्यायाधिकरणाकडं दाद मागता येते. त्या कायद्यानं अनेकांची चूल विझू दिली नाही आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण भर वर्गात हातात पडलेल्या पाकिटाविरुद्ध कुठल्याच न्यायाधिकरणात जाता येत नाही. रात्री अकराला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मस्टरचा फोटो पडतो, उशिरा आलेल्याच्या नावाभोवती लाल गोल केलेला, आणि खाली दहाजणांचे अंगठे. याला कलम नाही. हे फक्त तुमच्या हातात आहे, म्हणून पत्र तुम्हाला लिहिते आहे, शिक्षणाधिकाऱ्यांना नाही.

हे तुमच्या हातात आहे असं मी का म्हणते, तेही सांगते.

2017 ला आमच्याकडं दुसरे हेडसर आले. स्वभावानं अबोल. पहिली दोन वर्षं आम्ही त्यांनाही घाबरूनच होतो, सवय होती. ऑगस्ट 2019 मध्ये महापूर आला. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला 55 फुटांच्या वर गेलं. आमची शाळा नाल्याचं पाणी उलटं फिरतं अशा भागात आहे. तळमजल्यावरच्या ऑफिसात गुडघ्याच्या वर पाणी होतं. पाणी उतरल्यावर आम्ही चिखलातून आत गेलो तेव्हा लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात जनरल रजिस्टरं भिजून फुगलेली होती. ज्यांना शाळेतलं कळतं त्यांना हे सांगायला नको की जनरल रजिस्टर म्हणजे शाळेचा जीव. पन्नास-साठ वर्षांपूर्वी शिकून गेलेला माणूस जन्मतारखेसाठी, जातीच्या दाखल्यासाठी येतो तो त्या पानावर. आम्ही वर्गखोलीत बाक जोडले, पानापानात वर्तमानपत्रं घातली, पंखे लावले. घरून दोघीतिघींनी इस्त्र्या आणल्या. दोन दिवस तेच चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांना तिथंच बोलावलं, केबिनमध्ये नाही. स्वतः बाकावर बसले. मामांनाही बोलावलं. म्हणाले, "पाणी आलं त्या दिवशी दुपारी मामांनी मला सांगितलं होतं, सर, गटारीतनं पाणी उलटं यायला लागलंय, रजिस्टरं वर नेऊया. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा. हे जे भिजलंय ते माझ्यामुळं भिजलंय. मामा, माझं चुकलं."

खोलीत पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. मामा गडबडून म्हणाले, "असू दे की सर, असं काय बोलताय." मग ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या की वरच्या खोलीची किल्ली घरी राहिल्याचं त्यांनी त्या दिवशी कुणाला सांगितलंच नव्हतं. ऑफिसातले लेखनिक भाऊसाहेब म्हणाले, गेल्या वर्षी रजिस्टरं स्कॅन करायची होती, त्यांच्याकडून राहून गेलं. आणि त्या ओल्या कागदाच्या वासात मी पाच वर्षांपूर्वीच्या त्या सहा गुणांचं सांगून टाकलं. बोलताना रडू आलं.

सरांनी "कशाला लपवलंत?" असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "त्या मुलीचं पुढं काय झालं, माहीत आहे का?" आणि थोड्या वेळानं, "हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येईल?" त्या वर्षापासून आमच्याकडं गुणांच्या याद्या एकटा माणूस भरत नाही. एक वाचतो, दुसरा मूळ यादीवर बोट ठेवून पडताळतो, मग दोघं सह्या करतात. अर्धा तास जास्त लागतो. त्यानंतर तीन वेळा चूक सापडली आहे, पाकीट बंद व्हायच्या आधी. ती मुलगी आज नोकरीला आहे. मी तिला शोधून काढलं, तिच्या घरी जाऊन सांगितलं. ती काय म्हणाली ते तिचं आणि माझं राहू दे.

पुराचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. पावसाळ्यात आपण सगळेच सकाळी उठून बंधाऱ्याची पातळी बघतो. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 'पाणी 39 वर आलंय' असं कळवणाऱ्या माणसावर आजवर कुणी चिडलेलं मी बघितलं नाही. कुणी त्याला म्हणत नाही की तू नकारात्मक बोलतोस, तुझ्यामुळं गावाचं नाव खराब होतं. त्याच्या बोलण्यावर आपण जनावरं सोडतो, गाड्या वर काढतो. शाळेत मात्र "सर, आठवीच्या त्या वर्गात मारामाऱ्या वाढल्यात", "लॅबमधला गॅसचा नळ गळतोय", "हा मुलगा आठवडाभर डबा आणत नाही" असं सांगणारा शिक्षक रडका ठरतो, कटकट्या ठरतो. मग तो सांगायचं सोडतो. पाणी काही थांबत नाही.

माझ्या ओळखीतले एक मुख्याध्यापक यावर म्हणाले, "मॅडम, इतकं मऊ राहिलं तर शिस्त राहणार नाही. उद्या लोक टाचणं काढणार नाहीत." या शंकेला उत्तर द्यायला हवं, कारण ती खोटी नाही. कामचुकार शिक्षक असतात. मोबाईल बघत तास काढणारे मी बघितलेत. त्यांना जाब विचारलाच पाहिजे, लेखी विचारला पाहिजे, माझा त्याला पाठिंबा आहे.

पण मी शिवाजी पेठेतल्या तालमीच्या सावलीत वाढले. माझे वडील रोज पहाटे तालमीत जायचे. हौद्यातली लाल माती तशीच ठेवत नाहीत. रोज फावड्यानं उकरायची, भुसभुशीत करायची, अधूनमधून तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळायची. पोरगं शंभरदा आपटलं तरी हाड मोडू नये म्हणून. माती मऊ होती म्हणून कुस्ती मऊ झाली नाही. वस्ताद तर असले कडक की चुकार पोराला शंभर बैठका जास्त पडायच्या. उलट माती घट्ट राहिली की पोरं डाव टाकायलाच भितात, हात राखून खेळतात, असं वडील सांगायचे. मला तुमच्याकडून तेवढीच मशागत हवी आहे. वस्तादगिरी सोडा असं मी म्हणत नाही.

म्हणजे नेमकं काय करायचं? मोठं काही नाही, पैसे लागणारं तर काहीच नाही. मेमो द्यायचाच असेल तर वर्गात पाठवू नका. बोलवा, दार लावा, आधी ऐका, मग द्या. मुलांसमोर, पालकांसमोर, शिपायांसमोर शिक्षकाला आणि शिक्षकांसमोर शिपायाला बोलू नका. सभेचं इतिवृत्त सभेनंतर लिहा आणि कुणी वेगळं बोललं असेल तर ते नावासकट, त्याच्याच शब्दांत लिहा. तो विरोध मान्य करायलाच हवा असं नाही, पण तो झाला हे कागदावर येऊ द्या. वाईट बातमी घेऊन कुणी आलं तर पहिला प्रश्न "कुणी केलं?" हा नको. "मुलांना काही झालं नाही ना?" हा असू दे. हे पहिलं वाक्य फार महत्त्वाचं असतं, माझा अनुभव आहे. पुढची पाच वर्षं तो शिक्षक तुमच्या दारात येणार की तिथूनच परत फिरणार, हे त्या वाक्यावर ठरतं.

रात्रीचे मेसेज सकाळी पाठवले तर आभाळ कोसळत नाही. ज्या माहितीची मुदत खरंच आजची आहे, तेवढीच आज मागा.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना वेगळं सांगते. ज्या शाळेतून तुमच्याकडं एकही तक्रार येत नाही ती शाळा उत्तम चालली आहे, असं कृपा करून समजू नका. वर्षातून दोनदा तरी मुख्याध्यापक नसताना शिक्षकांबरोबर बसा, चहा घ्या. आणि तिथं ऐकलेलं नाव घेऊन पुढं सांगू नका, एकदा जरी फुटलं तरी परत कुणी बोलणार नाही. मुख्याध्यापकांनाही तुमच्यासमोर "मला जमत नाहीये" म्हणता आलं पाहिजे. सेवाज्येष्ठतेनं खुर्ची मिळते, माणसं सांभाळायचं कुणी शिकवत नाही, आणि तो दोष त्यांचा नाही. शिक्षिका जास्त असलेल्या शाळांत कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याची तक्रार समिती भिंतीवरच्या फलकापुरती ठेवू नका. त्या समितीतल्या बाहेरच्या सदस्य बाई कोण, त्यांचा फोन कुठला, हे प्रत्येकीला तोंडपाठ हवं. आणि फार खचलेल्या कुणासाठी 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर स्टाफरूममध्ये लावा. आम्ही मुलांसाठी लावला होता. पहिल्या आठवड्यात तो एका शिक्षकानं लिहून घेतलेला मी बघितला.

दर 26 जूनला दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी आपण सगळे जमतो. 1917 साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, हे आम्ही भाषणात सांगतो आणि मुलांकडून पाठ करून घेतो. ज्या माणसानं गरिबाच्या पोराला शाळेचं दार उघडून दिलं, त्याच्या गावात शिक्षकाला हेडसरांच्या दारातून परत फिरावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्याकडं परत रविवारचे जादा तास ठरले. सभेत सरांनी सात वाजता म्हटलं. मागं बसलेला एक शिक्षणसेवक, जेमतेम वर्ष झालं असेल त्याला, उभा राहून म्हणाला, "सर, साळवणकडच्या मुलींची गाडी 7.20 ला रंकाळ्याला येते." सरांनी घड्याळाकडं बघितलं, सातवर काट मारली आणि पावणेआठ लिहिलं. भाऊसाहेबांनी ते इतिवृत्तात घेतलं, त्या पोराच्या नावासकट. मी त्या पानावर सही केली.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका
कोल्हापूर